छोट्या बॅचची वाइन आणि अनोळखी द्राक्षं: धाराशिवच्या बागेत हे जमेल का?

श्रावणात मामाचा व्हॉइस मेसेज आला. "आरं, ते वाइनच्या द्राक्षाचं खरं हाय का? रील बघितली एक. एक एकर कलम बदलून टाकू म्हणतोय." मामाची दोन एकर बाग तुळजापूर तालुक्यात आहे, सगळी थॉम्पसन. कलम बदलायचं तर ऑगस्ट-सप्टेंबर हाच हंगाम, म्हणजे उत्तर द्यायला माझ्याकडे जेमतेम तीन आठवडे होते. मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. वाइनमधलं मला काहीच कळत नव्हतं. पण बागेत चुकीची जात बसली तर ती दुरुस्त करायला दोन-तीन वर्षं जातात, तिथे रात्रीतून अपडेट सोडून भागत नाही. म्हणून बसून वाचलं, दोन-चार जाणकारांना फोन केले. तेच इथे मांडतोय.

रीलमध्ये दोन शब्द पुन्हा पुन्हा येत होते: "स्मॉल बॅच" आणि "रेअर ग्रेप". आधी त्यांचा अर्थ लावू.

छोटी बॅच म्हणजे किती छोटी?

याची एकच ठरलेली व्याख्या नाही. पण अंदाज येण्यासाठी लाकडी पिंपाचं माप धरा. फ्रान्समधल्या बोर्दोच्या पद्धतीचं पिंप २२५ लिटरचं असतं. त्यात ७५० मिलीच्या बरोबर ३०० बाटल्या होतात. एक टन द्राक्षातून ढोबळमानाने ६०० ते ७०० लिटर वाइन निघते, म्हणजे एका पिंपाला साधारण साडेतीनशे किलो द्राक्षं लागतात. खायच्या द्राक्षाचं एकरी उत्पन्न दहा टनांच्या आसपास धरलं तर हा माल बागेतल्या एखाद-दुसऱ्या ओळीतला झाला. अशी दोन-चार पिंपं, वेगळी आंबवलेली आणि वेगळी बाटलीत भरलेली, म्हणजे छोटी बॅच.

संशोधन संस्था याहूनही लहान काम करतात. नवीन जातीची काही किलो द्राक्षं काचेच्या बुधल्यात आंबवून बघतात. आमच्या भाषेत सांगायचं तर हे टेस्ट बिल्ड. सगळ्या युजरना देण्याआधी चार जणांच्या फोनवर चालवून बघायचं.

लहान भांड्याचा एक फायदा आहे आणि एक तोटा, आणि दोन्ही एकाच भूमितीतून येतात. साखरेची दारू होताना उष्णता बाहेर पडते. ती कुठेच निघून गेली नाही तर दर एक ब्रिक्समागे रसाचं तापमान साधारण १.३ अंशांनी वाढेल. २२ ब्रिक्सचा रस म्हणजे २८ अंशांची वाढ, इतक्यात यीस्ट मरून जाईल. मोठ्या टाकीत आतली उष्णता बाहेर पडायला पृष्ठभाग कमी पडतो, म्हणून चिलर लागतोच. लहान भांडं स्वतःहून थंड होतं. पण ज्या पृष्ठभागातून उष्णता बाहेर जाते, तिथूनच हवाही आत यायला टपलेली असते. रसाच्या मानाने हवेचा संबंध जास्त, म्हणून छोटी बॅच लवकर बिघडते. "हाताने बनवलेली, म्हणून चांगली" असं जे दाखवतात ते मला तरी पटलेलं नाही. छोट्या बॅचमध्ये चूक लपवायला जागा नसते, एवढंच खरं.

अनोळखी नाव, ओळखीचं द्राक्ष

जगात वाइनसाठी व्यावसायिक वापर होणाऱ्या जाती किती असतील? जॅन्सिस रॉबिन्सन, ज्युलिया हार्डिंग आणि होझे वुइयामोझ यांनी २०१२ मध्ये या विषयावर एक जाडजूड ग्रंथ काढला, त्यात १३६८ जाती आहेत. दुकानातल्या बाटल्यांवर आपण त्यातल्या दहा-पंधराच वाचतो: काबेर्ने सॉविन्यों, शिराझ, शेनिन ब्लाँ, सॉविन्यों ब्लाँ वगैरे. उरलेल्या सगळ्या "अनोळखी".

पण अनोळखी म्हणजे दुर्मीळच असं नाही. कधी नुसतं नाव वेगळं असतं. कर्नाटकात बंगलोर ब्लू म्हणून जे काळं, जाड सालीचं द्राक्ष मिळतं ते जगात इसाबेला नावाने ओळखलं जातं. तामिळनाडूतलं पन्नीर म्हणजे मस्कत हँबर्ग. कॅलिफोर्नियातलं झिनफांडेल, इटलीतलं प्रिमितिव्हो आणि क्रोएशियातलं एक जवळपास विसरलेलं द्राक्ष हे तिन्ही एकच, हे २००१ च्या सुमारास डीएनएवरून सिद्ध झालं. त्याआधी १९९७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस कॅम्पसमध्ये कॅरोल मेरेडिथ आणि जॉन बॉवर्स यांनी काबेर्ने सॉविन्योंचे आईबाप शोधून काढले: काबेर्ने फ्रां आणि सॉविन्यों ब्लाँ. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध काळ्या द्राक्षाचा एक पालक पांढरा निघाला.

हे तपासायला प्रयोगशाळेत जायची गरज नाही. जर्मनीतल्या युलियस क्यून संस्थेची "व्हिटिस इंटरनॅशनल व्हरायटी कॅटलॉग" नावाची मोफत वेबसाइट आहे, फोनवरही उघडते. जातीचं नाव टाकलं की तिची इतर नावं आणि पालक दिसतात. कुणी तुम्हाला "दुर्मीळ परदेशी जात" म्हणून महागात काड्या विकत असेल तर पैसे देण्याआधी तिथे नाव टाकून बघा.

मग थॉम्पसनचीच वाइन का नको?

मामाचा पुढचा प्रश्न हाच होता, आणि तो वाजवी आहे. बाग तयार आहे, द्राक्ष गोड आहे, मग कलम कशाला बदलायचं?

पहिलं कारण साखर. ब्रिक्स म्हणजे रसातल्या विरघळलेल्या घटकांचं, मुख्यतः साखरेचं, टक्केवारीतलं प्रमाण. बागायतदारांकडे ते मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर असतोच. ब्रिक्सला ०.५५ ने गुणलं की वाइनमध्ये किती टक्के अल्कोहोल येईल याचा अंदाज मिळतो. खायचं द्राक्ष १७-१८ ब्रिक्सला काढतात, म्हणजे साडेनऊ ते दहा टक्के. वाइनचं द्राक्ष २२ च्या पुढे काढतात, म्हणजे बारा टक्के आणि वर. थॉम्पसन वेलीवर अजून ठेवून साखर वाढवता येईल, पण मग आम्लता पडते.

दुसरं कारण मला जास्त आवडलं, कारण ते शाळेतल्या गणितात बसतं. वाइनचा रंग, तुरटपणा आणि वासाचा मोठा भाग सालीतून येतो. गोल मण्याचा पृष्ठभाग भागिले घनफळ म्हणजे ६ भागिले व्यास. निर्यातीचा मणी १८ मिमीचा, वाइनच्या द्राक्षाचा मणी धरा १२ मिमीचा. लहान मण्यात तेवढ्याच रसाला दीडपट साल मिळते. आणि आपण काय करतो? मणी फुगावा म्हणून घड जिबरेलिक ॲसिडमध्ये बुडवतो. खायच्या द्राक्षासाठी ते बरोबर आहे, वाइनसाठी नेमकं उलटं.

थॉम्पसनची वाइन होतच नाही असं नाही. कॅलिफोर्नियात एके काळी स्वस्त वाइनसाठी ते भरपूर वापरलं गेलं. पण तिला स्वतःचा असा स्वाद नसतो. ३०० बाटल्यांची छोटी बॅच विकायची तर निदान स्वाद वेगळा पाहिजे.

खरी गोष्ट कॅलेंडरची

इथे मला अनोळखी जातींचा मुद्दा पटला. प्रसिद्ध जाती युरोपातल्या एका ठरावीक हवामानात निवडल्या गेल्या. तिथे वेल हिवाळ्यात झोपतो, उन्हाळ्यात फळतो, आणि पीक थंडी पडताना काढतात. आपल्याकडे वेल झोपतच नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, आणि माल जानेवारी ते मार्चमध्ये. म्हणजे युरोपात द्राक्ष पिकताना रात्री थंड होत जातात, आपल्याकडे पिकताना ऊन चढत जातं. उष्णतेत मॅलिक आम्ल वेगाने जळतं. साखर वर, आम्ल खाली.

मग मराठवाड्यासाठी निकष काय असावा? लवकर पिकणारी जात. १० ऑक्टोबरला फळछाटणी केली असं धरा. ११५ दिवसांत पिकणारी जात २ फेब्रुवारीला तयार होते, रात्री अजून गार असताना. १५० दिवस घेणारी जात ९ मार्चला येते. मार्चमध्ये धाराशिवला ऊन किती असतं ते सांगायला नको. शिवाय २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आमच्याकडे कुणी विसरलेलं नाही. वेलीवर माल जितके दिवस जास्त, तितके दिवस जीव टांगणीला.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने काढलेली एआरआय-५१६ ही जात या हिशेबात बसते. फळछाटणीनंतर ११० ते १२० दिवसांत ती तयार होते. अमेरिकन कुळातलं कटॉबा आणि युरोपीय कुळातलं ब्युटी यांचा हा संकर. बुरशीजन्य रोगांना ती बऱ्यापैकी तोंड देते, आणि रस, जाम, रेड वाइन अशा कामांना चालते. पुण्यातच मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, तिथली मांजरी मेडिका ही दुसरी. ती पुसा नवरंग आणि फ्लेम सीडलेस यांच्यापासून आली. पुसा नवरंगची गंमत म्हणजे तिचा गरसुद्धा लाल असतो, नुसती साल नाही. बंगळुरूच्या संस्थेने बंगलोर ब्लू आणि ब्लॅक चंपा यांच्यातून अर्का श्याम काढली. या जातींबद्दल मुंबईच्या बारमध्ये कुणी विचारणार नाही, पण त्या इथल्या ऊन-पाण्यात निवडल्या गेल्या आहेत.

एक इशारा मात्र द्यायला हवा. अमेरिकन कुळाच्या द्राक्षांना एक ठसठशीत गोड वास असतो, त्यामागे मिथाइल अँथ्रॅनिलेट नावाचं रसायन असतं. द्राक्षाच्या स्वादाच्या गोळ्यांना तोच वास असतो. रसात तो छान लागतो. वाइन पिणाऱ्या अनेकांना तो आवडत नाही. संकरित जातीत तो किती उतरलाय हे वाइन करून, चाखूनच कळतं. छोटी बॅच त्यासाठी असते.

परदेशी पण कमी प्रसिद्ध जातींचा प्रयोगही महाराष्ट्रात झालाय. आमच्यापासून दीडशे-एक किलोमीटरवर, सोलापूर जिल्ह्यात अकलूजला फ्रातेल्ली वाइन्सने सांजोवेझे हे इटलीतल्या तोस्कानाचं द्राक्ष लावलं. कंपनी २००७ ची, आणि मोहिते-पाटील बंधू तिच्या संस्थापकांपैकी. निफाडच्या रेव्हेलोने सिसिली बेटावरचं पांढरं ग्रिल्लो आणि काळं नेरो दाव्होला यांच्या वाइन काढल्या. सिसिली गरम आहे, म्हणून ही निवड मला विचारपूर्वक वाटते. आणि नवीन जात शोधायला संस्थाच लागते असंही नाही. सोनाका ही थॉम्पसनमधून निवडलेली जात तुळजापूरपासून फार लांब नसलेल्या नान्नजच्या नानासाहेब काळे या शेतकऱ्याने काढली. खायच्या द्राक्षात आपल्या भागाने हे करून दाखवलंय.

गोडीपेक्षा महत्त्वाचा आकडा

बागेत सगळे ब्रिक्सवर बोलतात, पण वाइन टिकणार की नाही हे पीएच ठरवतो. बेदाण्याला गंधकाची धुरी देतात, त्यातला वायू म्हणजे सल्फर डायऑक्साइड. वाइनमध्येही तोच थोड्या प्रमाणात घालतात, जंतू आणि हवेपासून राखण म्हणून. पण त्याचा जो भाग जंतू मारतो, त्याचं प्रमाण पीएच वाढला की झपाट्याने घटतं. मी सूत्र स्प्रेडशीटमध्ये घालून पाहिलं. लिटरला ०.८ मिलिग्रॅम इतका कामाचा भाग हवा असेल तर पीएच ३.४ ला ३२ मिलिग्रॅम मोकळा सल्फर डायऑक्साइड लागतो आणि ३.८ ला ७९. पीएच नुसता ०.४ ने वाढला आणि गंधक अडीचपट झालं.

गरम हवेत आम्ल जळतं, पीएच वाढतो. त्यात आपल्याकडे गोडीसाठी शेवटी पोटॅश सोडायची सवय. रसात पोटॅशियम जास्त झालं की पीएच अजून चढतो. म्हणजे खायच्या द्राक्षाचा उत्तम बागायतदार, त्याच सवयीने, वाइनचं द्राक्ष बिघडवू शकतो. मामाला हे सांगितल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही.

फोनमधली चिप पिंपात

वाइन आंबत असताना रोज साखर किती उतरली ते बघावं लागतं. पूर्वी रोज थोडा रस काढून मोजायचे. आता त्यासाठी आयस्पिंडल नावाचा एक ओपन सोर्स प्रकल्प आहे, जर्मनीत सुरू झालेला. एका प्लॅस्टिकच्या नळीत वायफायची छोटी चिप, तापमानाचा सेन्सर आणि ॲक्सिलरोमीटर. फोन आडवा केला की स्क्रीन फिरते ती या ॲक्सिलरोमीटरमुळेच. नळी रसात तिरकी तरंगते. साखर जास्त असताना रस घट्ट असतो, तेव्हा ती जास्त आडवी. साखरेची दारू होत गेली की रस पातळ होतो आणि नळी उभी होत जाते. २२ ब्रिक्सच्या रसाची घनता पाण्याच्या १.०९ पट असते, साखर संपल्यावर ती पाण्याहूनही थोडी कमी होते. कोनावरून घनता काढायची आणि आलेख फोनवर पाठवायचा, इतकं सोपं. आलेख मध्येच सपाट झाला तर यीस्ट अडकलंय हे रात्री दोनलाही कळतं.

बागेसाठी युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाच्या मोफत प्रतिमा आहेत. एक पिक्सेल १० मीटरचा, म्हणजे एका एकरात जेमतेम ४० पिक्सेल. कोणत्या कोपऱ्यात वेल जोमात आहे आणि कुठे दमलाय एवढं दिसतं. छोट्या बॅचला ते पुरतं, कारण तुम्हाला एकसारखा पिकलेला तुकडाच तोडायचा असतो. घडाची चव मात्र उपग्रहाला कळत नाही, तिथे बागेत जाऊन मणी तोंडात टाकावा लागतो.

विकणार कुणाला?

सगळं जमलं तरी प्रश्न इथेच अडतो, आणि रील इथेच संपलं होतं. थॉम्पसन निर्यातीला गेलं नाही तर गावच्या बाजारात जातं, तिथेही भाव पडला तर बेदाणा होतो. तीन दारं आहेत. वाइनचं द्राक्ष बारीक, बियांचं, जाड सालीचं. बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही, बेदाणा चांगला होत नाही. दार एकच, वाइनरीचं. आणि चांगल्या वाइनसाठी उत्पन्न मुद्दाम कमी ठेवतात, एकरी चार-पाच टन. म्हणजे किलोचा भाव दुप्पट मिळाला तर कुठे आधीच्या पैशाशी बरोबरी.

हे दार बंद होतं तेव्हा काय होतं ते महाराष्ट्राने पाहिलंय. २००१ मध्ये राज्याचं वाइन धोरण आलं, नाशिकजवळ विंचूर आणि सांगलीत पलूसला वाइन पार्क झाले, लोकांनी हौसेने बागा लावल्या. २००८ नंतरच्या मंदीत मागणी घसरली, मालाची उचल थांबली, आणि अनेकांनी वाइनच्या बागा उपटून पुन्हा खायची द्राक्षं लावली. म्हणून लेखी करार हातात येईपर्यंत एकही वेल बदलू नये असं माझं मत झालंय. करारात जात, किमान ब्रिक्स, पीएचची मर्यादा, तोडणीची तारीख कोण ठरवणार आणि माल नाकारला तर काय, एवढं तरी हवं.

"मग आपणच घरी करू की" हा पर्याय नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्याशिवाय वाइन बनवणं गुन्हा आहे, घरच्यापुरती असली तरी. यूट्यूबवर घरगुती वाइनचे ढिगाने व्हिडिओ आहेत, ते बघून बरणी भरू नका. परवाना, लेबलची मंजुरी, तपासण्या यांचा खर्च ३०० बाटल्यांना जवळपास तेवढाच पडतो जेवढा ३० हजारांना. म्हणून छोटी बॅच बहुतेक वेळा मोठ्या वाइनरीच्या पोटातच जन्मते. आणि तुमच्यापैकी जे २१ वर्षांखालचे आहेत, त्यांना महाराष्ट्रात वाइन विकत घेता येत नाही.

जाता जाता एक. धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या "पेरिप्लस" या ग्रीक प्रवासवर्णनात लिहिलंय की तगरहून कापड भडोचच्या बंदरात जायचं, आणि त्याच बंदरात इटलीची वाइन उतरायची. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी आपण कापड देत होतो आणि वाइन दुसऱ्याची घेत होतो.

मामाने शेवटी एकर काही बदललं नाही. बांधाकडच्या ओळीतल्या बारा वेलींवर एआरआय-५१६ चं कलम करून बघायचं ठरलंय, काड्यांसाठी चौकशी सुरू आहे. वाइनसाठी नाही, रसासाठी. रस विकायला वाइनरी लागत नाही, आणि ११५ दिवसांचा हिशेब आपल्या रानात खरा ठरतो का तेही कळेल. मी त्याला वहीत तीन रकाने आखून दिलेत: तारीख, ब्रिक्स, पीएच. पीएच मीटर मी ऑनलाइन मागवलाय. मामाचं म्हणणं, पोटॅशचा रकाना पण टाक, म्हणजे दरवर्षी किती जास्त घालतोय ते तरी दिसंल.